ताम्रपटावरचे नगर : आल्दो रॉसी यांची मुद्राचित्रे



चित्रकाराचे चित्र हीच त्याची कृती असते आणि कवीची कविता कागदावर उतरली की ती पूर्ण होते. वास्तुविशारदाची गोष्ट वेगळी आहे. तो कागदावर जे काढतो ते गवंड्याला, सुताराला आणि लोहाराला दिलेले आज्ञापत्र असते. भिंत उभी राहिली की त्या कागदाचे प्रयोजन संपते. पुढे तो कागद नगरपालिकेच्या दप्तरात पिवळा पडतो किंवा उंदरांच्या तोंडी लागतो, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. ज्या वास्तुविशारदाची इमारत बांधून पूर्ण झाली आहे, तो तीच इमारत पुन्हा पुन्हा कशासाठी काढत राहील? तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून, आम्लात बुडवून, शाई भरून तिचे ठसे कशासाठी उमटवील? आजच्या विवेचनाचा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो प्रश्न ज्यांच्या कार्यातून उभा राहतो ते इटलीचे वास्तुविशारद म्हणजे आल्दो रॉसी.

रॉसी यांचा जन्म ३ मे १९३१ रोजी मिलान येथे झाला. तेथील तंत्रविद्यापीठातून ते १९५९ मध्ये वास्तुशास्त्राचे पदवीधर झाले. विद्यार्थिदशेपासूनच ते ‘काझाबेल्ला’ या ख्यातनाम नियतकालिकात लेखन करीत होते. म्हणजे त्यांच्या हाती वीट येण्यापूर्वी लेखणी आली होती. १९६६ मध्ये ‘नगराचे वास्तुशास्त्र’ या अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपातील वास्तुविचाराला त्याने नवे वळण दिले. १९८१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याला त्यांनी ‘शास्त्रीय आत्मचरित्र’ असे काहीसे चकवणारे नाव दिले होते. १९९० मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार त्यांना लाभला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले इटालियन. मोटार-अपघातात झालेल्या जखमांमुळे ४ सप्टेंबर १९९७ रोजी मिलान येथेच त्यांचे निधन झाले.

समीक्षक रॉसींची गणना आधुनिकोत्तर वास्तुविशारदांत करतात. स्वतः रॉसींना ही बिरुदावली फारशी मानवली नाही; तरी ती त्यांना का चिकटली हे समजून घेणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिक वास्तुकलेने एक मोठी प्रतिज्ञा केली होती. जुने अलंकरण टाकून द्यावे, इमारतीचे रूप तिच्या उपयोगातून सिद्ध व्हावे, पोलाद, काच आणि काँक्रीट यांच्या बळावर सर्व मानवजातीसाठी एकच स्वच्छ, बुद्धिनिष्ठ शैली निर्माण व्हावी, अशी ती प्रतिज्ञा होती. तिच्यामागे थोर मनाची माणसे होती, हे नाकारता येणार नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्या प्रतिज्ञेचे जे व्यापारी रूप जगभर पसरले, त्यात माणसाच्या आठवणींना जागा उरली नाही. मिलानमधील वसाहत आणि मुंबईतील वसाहत यांत फरक करणे कठीण झाले. अमेरिकेत रॉबर्ट व्हेंचुरी यांनी आणि इटलीत रॉसींनी या स्थितीविरुद्ध आपापले ग्रंथ लिहिले आणि योगायोग असा की दोन्ही ग्रंथ १९६६ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. व्हेंचुरींचा मार्ग विनोदाचा आणि विरोधाभासाचा होता, तर रॉसींचा मार्ग स्मृतीचा होता.

रॉसींचे म्हणणे थोडक्यात असे : नगर म्हणजे त्यात राहणाऱ्यांची सामूहिक स्मृती होय. इमारतीचा उपयोग बदलत जातो, आकार मात्र टिकून राहतो. दक्षिण फ्रान्समधील नीम या गावी रोमन काळातील एक विशाल क्रीडागार आहे. मध्ययुगात त्याचा किल्ला झाला आणि त्या लंबवर्तुळाकार भिंतींच्या आत एक छोटे गावच वसले. द्वंद्वयुद्धे संपली, प्रेक्षक गेले, साम्राज्य लयाला गेले, तरी आकार राहिला आणि त्याने नव्या जीवनाला आश्रय दिला. आपल्याकडेही सरदाराच्या वाड्यात शाळा भरते, संस्थानिकाच्या कचेरीत न्यायालय बसते, धर्मशाळेच्या ओसरीवर वाचनालय सुरू होते. चौक तोच, तुळशीवृंदावनाचा ओटा तोच; फक्त माणसांची ये-जा वेगळी. ‘उपयोगातून रूप’ या आधुनिकांच्या सूत्राला रॉसींनी दिलेले उत्तर या अनुभवातून आले आहे. रूप हे उपयोगापेक्षा दीर्घायुषी असते, असे त्यांना म्हणायचे होते.

आता त्यांच्या मुद्राचित्रांकडे वळू. ‘मुद्राचित्र’ हा शब्द येथे छापून काढलेले कलात्मक चित्र या अर्थी योजला आहे. रॉसींनी प्रामुख्याने दोन तंत्रे हाताळली, एचिंग आणि शिळाछाप. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. या थरावर कलावंत सुईने रेषा ओढतो. जेथे थर खरवडला जातो तेथे धातू उघडा पडतो. मग पत्रा आम्लात बुडवला की उघड्या रेषा आम्ल खाऊन खोल करते. थर पुसून टाकायचा, रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून यंत्राच्या रुळाखालून जोराने दाबायचा. कागद रेषेत शिरून शाई उचलतो. छायेसाठी राळेची भुकटी पत्र्यावर वितळवून तिच्या बारीक कणांमधून आम्लाला वाट द्यायची. त्यातून संध्याकाळच्या धुरकट प्रकाशासारखा करडा पोत मिळतो. शिळाछापाची रीत निराळी. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि तेल व पाणी यांचे वैर आहे या तत्त्वावर शाई फक्त रेषेवरच धरायची.

यांपैकी शिळाछाप आपल्या समाजाला परका नाही. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतून शिळाछापाच्या पोथ्या आजही निघतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी मराठी घरांच्या देव्हाऱ्यांपर्यंत पोचल्या. रविवर्म्यांनी ज्यांच्यासाठी चित्रमालिका रंगवली त्या सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात पुढे ललित कला विद्याशाखा निघाली आणि मुद्राचित्रणाला तेथे स्वतंत्र कलेचा मान मिळाला. तेव्हा ताम्रपत्रा, आम्ल, शिळा ही सामग्री आपल्या परिचयाची आहे. अपरिचित आहे तो एवढाच भाग की एखाद्या वास्तुविशारदाने तिच्यात आपले मन गुंतवावे.

युरोपात याला एक थोर पूर्वसूरी आहे. जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) हा व्हेनिसच्या परिसरात जन्मलेला, दगडकाम करणाऱ्याचा मुलगा. तो स्वतःला वास्तुविशारद म्हणवीत असे. पण त्याच्या नावावर रोममधील एका लहानशा चर्चचे पुनर्निर्माण वगळता बांधकाम असे जवळजवळ नाही. त्याची सारी वास्तुकला ताम्रपत्र्यावर झाली. रोमच्या भग्नावशेषांची दृश्ये त्याने कोरली. ‘कारागृहे’ या त्याच्या मालिकेत जिने कोठेच पोचत नाहीत आणि कमानींना अंत नाही. ती मालिका १७५० च्या सुमारास प्रथम निघाली आणि १७६१ मध्ये तिची अधिक काळोखी आवृत्ती आली. पिरानेसीला बांधायला मिळाले नाही म्हणून त्याने कोरले, असे म्हणता येईल. रॉसींच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही, कारण त्यांना बांधायला भरपूर मिळाले. इटली, जर्मनी, हॉलंड, जपान, अमेरिका या देशांत त्यांच्या इमारती आहेत. म्हणजे त्यांची मुद्राचित्रे अभावातून आलेली नाहीत. त्यांचे मूळ दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते मूळ सापडते एका इस्पितळाच्या खाटेवर. एप्रिल १९७१ मध्ये इस्तंबूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर रॉसींच्या मोटारीला गंभीर अपघात झाला. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील स्लाव्होन्स्की ब्रोद या लहान गावच्या इस्पितळात ते पडून होते. अनेक हाडे मोडली होती. आपले शरीर म्हणजे पुन्हा जुळवावयाच्या तुकड्यांची रचना आहे, ही जाणीव तेथे त्यांना झाली, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याच वर्षी मोदेना शहराच्या सान कातालदो दफनभूमीच्या विस्तारासाठी स्पर्धा होती. जान्नी ब्राग्येरी या सहकाऱ्यासह रॉसींनी तिच्यासाठी आराखडा केला आणि तो विजयी ठरला. बोधवाक्य म्हणून त्यांनी ‘आकाशाची निळाई’ हे शब्द घेतले होते.

त्या आराखड्याकडे वरून पाहिले तर मध्ये कण्यासारखा अक्ष आणि दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या, क्रमाने लहान-मोठ्या होत जाणाऱ्या इमारती दिसतात. एका टोकाला तांबूस रंगाचा भव्य घन आहे. त्याला खिडक्या आहेत पण तावदाने नाहीत, भिंती आहेत पण छप्पर नाही. वर्षांनंतर मृतांची हाडे काढून कोनाड्यांत ठेवण्याची जी रीत त्या देशात आहे, तिच्यासाठी हे अस्थिगृह होते. जणू राहणारे सोडून गेलेले घर. दुसऱ्या टोकाला धुराड्यासारखा उंच शंकू, ज्यांचे कोणी नाही अशा मृतांच्या सामाईक थडग्यासाठी. मोडलेल्या हाडांचा अनुभव येथे नगररचनेत उतरला आहे, हे सांगावे लागत नाही.

पण याहून अर्थपूर्ण गोष्ट पुढे घडली. रॉसी हा आराखडा काढून थांबले नाहीत. रेखाचित्रांत, रंगचित्रांत आणि मुद्राचित्रांत तो पुन्हा पुन्हा येत राहिला. १९७२ च्या एका चित्राला त्यांनी ‘हंसाचा खेळ’ असे नाव दिले. युरोपात मुले सोंगट्या-फाशांनी हा खेळ खेळतात. सर्पिल आकारात त्रेसष्ट घरे असतात. त्यांत विहीर असते, तुरुंग असतो आणि अठ्ठावन्नाव्या घरात मृत्यू असतो. त्या घरात पडलेल्या खेळाडूला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडील मोक्षपटाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो. त्यात पापाचे सर्प खाली ओढतात आणि पुण्याच्या शिड्या वर नेतात. दोन्ही खेळ मुलांचे, आणि दोन्हींचा विषय मोठ्यांनाही न पेलणारा. रॉसींनी दफनभूमीकडे खेळाच्या पटाच्या दृष्टीने पाहिले, यात मृत्यूची थट्टा नाही. ज्या विषयापुढे प्रौढ भाषा थिटी पडते, तेथे त्यांनी बालपणाची भाषा वापरली.

या बालपणाच्या भाषेचा आणखी एक शब्द म्हणजे कॉफीची किटली. रॉसींच्या कितीतरी मुद्राचित्रांत ती आढळते. घरे, मनोरे, धुराडी यांच्या रांगेत ती उभी असते आणि उंचीने त्यांच्या बरोबरीची असते. एका बाजूला पाण्याचा पेला, सिगारेटचे पाकीट. मागे मोदेनाचा घन. प्रथम पाहणाऱ्याला हा विक्षिप्तपणा वाटतो. रॉसींनी मात्र सांगून ठेवले आहे की लहानपणी कोमो सरोवराकाठच्या एका घरातील मोठ्या स्वयंपाकघरात ते तासन्‌तास बसून निळ्या, हिरव्या, तांबड्या मिन्याच्या किटल्यांची चित्रे काढीत; पुढे भेटणाऱ्या अद्भुत वास्तूंची ती त्यांच्यासाठी लहान रूपे होती. मोठेपणी त्यांनी एका इटालियन कारखान्यासाठी खरोखरच किटल्या घडवल्या. १९८४ मध्ये आलेल्या किटलीला शंकूचे टोक होते, १९८८ मधील किटलीला घुमट होता. मोदेना येथे जो शंकू अनाथ मृतांसाठी योजला होता आणि जो तेथे बांधला गेला नाही, तो अशा रीतीने स्वयंपाकघरातील शेगडीवर येऊन बसला.

उलट दिशेनेही हा प्रवास होतो. माजोरे सरोवराकाठी आरोना येथे संत कार्लो बोरोमेओ यांचा १६९८ मध्ये पूर्ण झालेला तांब्याच्या पत्र्याचा प्रचंड पुतळा आहे. चौथऱ्यासह त्याची उंची सुमारे पस्तीस मीटर भरते. यात्रेकरू आतील शिड्यांनी वर चढतो आणि संताच्या डोळ्यांतून सरोवर पाहतो. संताचे शरीर हीच इमारत आणि त्याचे डोळे हीच खिडकी! रॉसींनी हा पुतळा लहानपणी पाहिला होता. त्याचा आशीर्वादासाठी उचललेला हात त्यांच्या चित्रांत वारंवार घरांच्या छपरांवर येतो. किटलीत राहता येईल आणि माणसाच्या देहात जिना चढता येईल, अशी ज्याची बालपणीच खात्री पटली, त्याच्यासाठी लहान आणि मोठे यांतील भेद प्रमाणपट्टीपुरताच उरतो. आराखड्याच्या कागदावर प्रमाण पाळावेच लागते, अन्यथा छप्पर कोसळेल. ताम्रपत्र्यावर मात्र वस्तूंचे परस्परांशी असलेले खरे नाते दाखवण्याची मोकळीक असते. रॉसी मुद्राचित्रांकडे का वळले, याचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर ‘सदृश नगर’ या त्यांच्या संकल्पनेत आहे. अठराव्या शतकात कानालेत्तो या चित्रकाराने व्हेनिसचे एक दृश्य रंगवले. त्यात कालव्याकाठी पाल्लादियो या थोर वास्तुविशारदाच्या तीन कृती आहेत : दोन व्हिचेन्झा या दुसऱ्याच गावच्या इमारती आणि तिसरा एक पूल, जो केवळ आराखड्यात राहिला. म्हणजे त्या जागी तिन्हींपैकी एकही नव्हती. तरीही ते दृश्य व्हेनिसचेच वाटते. किंबहुना व्हेनिसच्या आत्म्याचे वाटते. रॉसींनी यावरून सिद्धान्त मांडला की प्रत्येक शहराच्या नकाशाखाली स्मृतीने रचलेले दुसरे शहर असते. १९७६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी तीन सहकाऱ्यांसमवेत एक मोठा चित्रफलक तयार केला. जुन्या शहरांचे नकाशे, पूर्वसूरींच्या वास्तू आणि रॉसींच्या स्वतःच्या रचना यांची कात्रणे जोडून त्यात एकच नगर उभे केले होते. ते कोठल्याच महसुली दप्तरात नोंदलेले नाही, तरी त्यात हिंडणाऱ्याला परके वाटत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना हे नगर ओळखू येईल. ज्यांचे कुलदैवत एका प्रांतात, घर दुसऱ्या प्रांतात, आणि ज्यांच्या आजीच्या गोष्टींतला वाडा आता कोणत्याच गावात उभा नाही, त्यांच्या मनात असे सदृश नगर कायमचे वसलेले असते. त्यातील अंतरे किलोमीटरांनी मोजत नाहीत.

परंतु स्मृतीचे नगर केवळ रम्य असते, असा समज रॉसींनी होऊ दिला नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी केलेली दोन एचिंग त्यांच्या कृतींत महत्त्वाची मानली जातात. मान्फ्रेदो ताफुरी या इतिहासकाराने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की भांडवली व्यवस्थेत वास्तुकलेचे सामाजिक स्वप्न संपुष्टात आले आहे. रॉसींनी त्याला लेखाने उत्तर दिले नाही. ‘हत्या झालेली वास्तुकला’ या नावाचे चित्र कोरून ते ताफुरींनाच अर्पण केले. त्यात भिंती फुटल्या आहेत, मनोरे कलले आहेत, आणि त्या भिंती व ते मनोरे रॉसींच्या स्वतःच्याच कल्पनेतले आहेत. पुढे ताफुरींच्या त्याच ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीच्या वेष्टनावर हे चित्र आले. प्रतिपक्षाचा आक्षेप स्वतःच्या घरावर कोसळवून पाहण्याचे हे धैर्य विरळा म्हटले पाहिजे. १९७५ च्या दुसऱ्या एचिंगचे नाव अर्धे जर्मन आणि अर्धे इटालियन आहे : ‘याला फार काळ लोटला, आता हे हरवले आहे’ असा त्याचा आशय. ज्या वास्तू अद्याप पुऱ्या बांधूनही झाल्या नव्हत्या, त्यांचे भग्नावशेष रॉसी आधीच कोरून ठेवीत होते. पिरानेसीने भूतकाळाचे अवशेष कोरले. रॉसींनी भविष्यकाळाचे कोरले.

येथे आक्षेपांचा विचार करणे न्याय्य ठरेल. पहिला आक्षेप असा की रॉसींच्या चित्रांतील ऊब त्यांच्या इमारतींत नाही. मिलानच्या गाल्लारातेसे वसाहतीत त्यांनी १९६९ ते १९७३ या काळात बांधलेली चाळवजा इमारत १८२ मीटर लांब आहे. तळमजल्यावर पातळ भिंतीसारख्या खांबांची न संपणारी रांग, वर चौकोनी खिडक्यांची तितकीच लांब ओळ. अनेकांना ती निर्मनुष्य आणि कठोर वाटली. मुसोलिनीच्या राजवटीतील सरकारी वास्तूंची आठवण होते, असेही काहींनी म्हटले. रॉसी विचाराने डावे होते आणि त्यांच्या पहिल्या बांधकामांपैकी एक फॅसिस्टविरोधी प्रतिकारकांचे स्मारक होते, एवढे सांगून हा आक्षेप पूर्णतः मिटत नाही, कारण आकारांना स्वतःची स्मृती असते हे खुद्द रॉसींचेच म्हणणे. दुसरा आक्षेप बाजाराचा. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ कास्तेली यांच्या कलादालनात वास्तुविशारदांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात रॉसीही होते. तेव्हापासून आराखडे चौकटीत जाऊन भिंतींवर लागू लागले. घरे बांधण्याऐवजी घरांची चित्रे विकणे ही वास्तुविशारदाची पलायनवृत्ती नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला.

या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि गाल्लारातेसेच्या बाबतीत रॉसींनी आत्मचरित्रात नोंदवलेला एक लहान प्रसंग दुर्लक्षिता येत नाही. इमारत पूर्ण होऊनही काही काळ रिकामी होती. पुढे एकदा तिच्यासमोरून जाताना त्यांना काही खिडक्या उघड्या दिसल्या, कठड्यांवर धुतलेले कपडे वाळत घातलेले दिसले, आणि जीवनाच्या त्या पहिल्या संकोचलेल्या खुणांनी ते हरखून गेले. आपल्या शुद्ध भूमितीवर वाळत घातलेल्या कपड्यांनी वास्तुविशारदाचा रसभंग व्हावा, अशी साधारण अपेक्षा असते. रॉसींना मात्र त्या कपड्यांचीच वाट होती. इमारत कठोर ठेवायची, म्हणजे राहणाऱ्यांचे जीवन तीवर उठून दिसेल. आणि चित्रात किटली, पेला, लांब सावल्या काढायच्या, म्हणजे त्या कठोर आकारांनी कशासाठी वाट पाहिली हे कळेल. चित्र आणि इमारत ही एकाच वाक्याची दोन अंगे आहेत. चित्र बाजूला काढले तर इमारत मुकी होते, आणि इमारत काढून घेतली तर चित्र नुसता छंद ठरते.

या नात्याची सर्वांत हृद्य कसोटी व्हेनिसच्या पाण्यावर लागली. १९७९ मध्ये रॉसींनी एक तरंगते नाट्यगृह उभारले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फळ्यांचे आवरण, वर अष्टकोनी छत आणि टोकाला गोल व निशाण. सारी पंचवीसेक मीटर उंचीची वास्तू एका सपाट तराफ्यावर बांधून ओढत आणली होती. तिचे नाव ‘जगाचे नाट्यगृह’. जुन्या व्हेनिसमध्ये उत्सवांच्या वेळी असे तरंगते मंडप असत; त्या स्मृतीला रॉसींनी पुन्हा देह दिला. चर्चच्या घुमटांशेजारी ते लाकडी शिखर येऊन उभे राहिले आणि कानालेत्तोच्या चित्रातले अशक्य दृश्य काही महिने प्रत्यक्षात आले. १९८० मध्ये ते एड्रियाटिक समुद्र ओलांडून दुब्रोव्निकला गेले. परतल्यावर १९८१ मध्ये त्याच्या फळ्या सुट्या करण्यात आल्या. आज व्हेनिसला जाणाऱ्या प्रवाशाला ते कोठेही दिसणार नाही. पण रॉसींच्या मुद्राचित्रांत ते त्यानंतर वर्षानुवर्षे तरंगत राहिले. कधी दीपगृहाशेजारी, कधी किटलीशेजारी, तर कधी एखाद्या दूरच्या बंदरात.

व्हेनिसनेही या कागदांची आठवण ठेवली. २९ जानेवारी १९९६ रोजी तेथील ‘ला फेनिचे’ हे विख्यात संगीतनाट्यगृह आगीत भस्मसात झाले. रॉसींनी त्याच्या पुनर्रचनेचा आराखडा केला. पुढच्याच वर्षी ते गेले. ते नाट्यगृह त्यांच्या आराखड्यानुसार उभे राहून डिसेंबर २००३ मध्ये खुले झाले. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा इतिहासही असाच आहे. त्याचे वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये निवर्तले आणि रॉबर्ट चिझम यांनी तो राजवाडा १८९० मध्ये पूर्णत्वास नेला. आज्ञा देणारा हात गेल्यावरही कागद आज्ञा देत राहतो. उलट मोदेनाच्या दफनभूमीचा केवळ काही भाग बांधला गेला. तिचा शंकू आणि तिच्या बरगड्या ज्याला पाहायच्या असतील, त्याने कागदाकडेच जावे लागते.

मराठीत ‘ताम्रपट’ या शब्दाला एक गंभीर अर्थ आहे. राजाने दिलेले दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे म्हणून ते तांब्यावर कोरीत. दान देणारी राजघराणी गेली, दान दिलेली गावे उजाड झाली किंवा नाव बदलून बसली. नांगराच्या फाळाला लागून ताम्रपट तेवढे वर आले आणि त्यांच्यावरून इतिहास पुन्हा लिहिला गेला. रॉसींनी आपल्या ताम्रपत्र्यांवर असेच एक दान कोरले. त्यात सत्ता नव्हती. स्वयंपाकघरातील किटली, संताचा हात, समुद्रकाठच्या स्नानाच्या खोल्या, मृतांचे लाल घर आणि पाण्यावरचे नाट्यगृह एवढीच मालमत्ता होती. १९६८ पासून १९९२ पर्यंत त्यांनी निळ्या वेष्टनाच्या सत्तेचाळीस वह्या लिहून आणि रेखाटून भरल्या. त्या आज जपलेल्या आहेत.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. बांधून झालेली इमारत रॉसी पुन्हा काढीत राहिले, कारण बांधणे संपले म्हणजे वास्तू संपली असे त्यांनी मानले नाही. इमारत उभी राहते तेव्हा तिचा पहिला जन्म होतो. ती कोणाच्या तरी स्मृतीत इतर वस्तूंशेजारी जाऊन बसते तेव्हा दुसरा. पहिल्या जन्माला दगड-विटा लागतात आणि दगड-विटांना पाऊस, आग आणि पालिका यांचे भय असते. दुसऱ्या जन्माला कागद पुरतो, मात्र तो कागद कोणीतरी जपावा लागतो.

ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे कागद जपला, वाळवी-ओलीपासून राखला, गावच्या बदलत्या भाषांच्या गर्दीत एका भाषेचे दार रोज संध्याकाळी उघडे ठेवले, त्याला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी पहिल्या कपाटासाठी वर्गणी काढली, त्यांतील कोणीही आज हयात नाही. ज्या ओसरीवर पहिले वर्तमानपत्र वाचले गेले, ती ओसरीही बहुधा राहिली नसेल. तरी या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ती ओसरी आहे, आणि आजच्या सभागृहाशेजारी ती अगदी शोभून दिसते. तिचा आराखडा उपलब्ध नाही. पण एखाद्या सभासदाने आपल्या आजोबांकडून ऐकलेले तिचे वर्णन लिहून काढले आणि ते या स्मरणिकेच्या पानांत ठेवले, तर तेवढ्यानेही पुष्कळ काम होईल. पुढच्या शताब्दीला येणाऱ्यांना तेथे बसता येईल.